देवमासा बघायला बोट नको, बाक द्या

मा. संचालक, पर्यटन खाते,
गोवा सरकार, पणजी यांस
(प्रत माहितीसाठी: वनखाते, बंदर कप्तान खाते आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या सगळ्या किनारी पंचायती)

सप्रेम नमस्कार.

मी केरीची. सत्तरीतली केरी नव्हे, फोंड्यातलीही नव्हे. तेरेखोलच्या तोंडावरची, पेडणे तालुक्यातली. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आता ऑक्टोबर उजाडला की मे संपेपर्यंत आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे सड्यावर, म्हणजे दर्यात घुसलेल्या जांभ्याच्या पठारावर, जाऊन बसते. गळ्यात मुलाने दिलेली दुर्बीण, पिशवीत पाण्याची बाटली आणि शाळेतून उरलेली एक कोरी हजेरीवही. जिथे मुलांची नावं लिहायची त्या रकान्यांत आता वेळ, वारा, होड्या, पक्षी, गादे अशा नोंदी करते. गादे म्हणजे डॉल्फिन, हे तुम्हांला सांगायला नको. शेवटचा रकाना देवमाशाचा. तो जवळजवळ रोज कोराच राहतो.

पत्राचं निमित्त एका फळीचं. गेल्या हंगामात नदीकाठी एका बोटवाल्याने नवी फळी रंगवून टांगली. निळ्या पाण्यातून वर आलेली भली मोठी शेपटी, मागे बर्फाचे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत 'व्हेल वॉचिंग'. बर्फाचे डोंगर बघून मला हसू आलं. बोटवाला माझाच जुना विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा, पण मनाने सरळ. म्हटलं, अरे, हे कुठलं चित्र? म्हणाला, "बाई, मोबायलवरचां. डॉल्फिन आता सगळेच दाखवतत. कायतरी नवा नको?" आणि देवमासा नाही आला तर? त्यावर तो गालात हसला. "गादो दाखवतलंव. गिरायकाक काय कळता?"

त्याच्यावर माझा राग नाही. बोटीचं कर्ज आहे, इंजिनाला तेल लागतं, घरात दोन पोरं शाळेत. पण त्याची फळी बघून मला पुढची दहा वर्षं दिसली. आज एक फळी आहे, उद्या वीस होतील, परवा तुमच्या खात्याच्या माहितीपत्रकात 'गोव्यात व्हेल सफारी' असं छापून येईल. तसं होण्याआधी चार गोष्टी सांगून टाकाव्यात म्हणून हा पत्रप्रपंच.

देवमासा बघणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वारी उभी राहते. थंडी पडली की निघायचं, गरम पाण्यात पिल्लं घालायची, उन्हाळा लागला की ध्रुवाकडे परतायचं. कॅलिफोर्नियाचे करडे देवमासे दर वर्षी असे जाऊन-येऊन पंधरा-वीस हजार किलोमीटर पोहतात. ते किनाऱ्याला धरून जातात, ठरल्या महिन्यांत जातात, म्हणून कड्यावर उभं राहून मोजताही येतात. अमेरिकेत सॅन दिएगोला १९५० साली एका जुन्या लष्करी इमारतीतून लोकांना ते दाखवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच वर्षी दहा हजारांच्या आसपास माणसं आली. दक्षिण आफ्रिकेत हर्मानस नावाचं गाव आहे. तिथे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत देवमासे पिल्लांसह अगदी खडकाला लागून असतात. गावाने १९९२ पासून चक्क दवंडीवाला नेमला आहे. समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या देठाचं शिंग फुंकून तो देवमासा कुठल्या बाजूला आहे ते गावाला कळवतो. वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा, शिमग्याला घरोघर वर्दी देणारा म्हातारा आठवला.

आता आपला दर्या. आपल्या दर्यात अशी वारी नाही.

अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे हे जगातल्या बाकी हंपबॅकांपेक्षा वेगळे. बाकीचे हजारो किलोमीटर जाऊन थंड पाण्यात खातात आणि गरम पाण्यात वितात. आपले कुठेच ध्रुवाकडे जात नाहीत. खाणं इथेच, विणंही इथेच. सुमारे सत्तर हजार वर्षांपासून ते बाकीच्या जगापासून तुटलेले आहेत, असं त्यांच्या जनुकांवरून अभ्यासक सांगतात. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या फोटोंवरून त्यांची गणती केली तेव्हा अंदाज निघाला फक्त ८२. मी एका वर्षी शाळेत सगळ्या वर्गांची मिळून हजेरी घ्यायचे, ती यापेक्षा जास्त भरायची. (आता शाळेतही तेवढी भरत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

ते इथलेच आहेत हे कळलं कसं, ती हकिकत काही सुखाची नाही. १९६५ आणि १९६६ साली सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर २४२ हंपबॅक मारले. ते नियमाबाहेरचं होतं, म्हणून जगाला दाखवायच्या कागदावर आलं नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर जुन्या नोंदी बाहेर आल्या तेव्हा जगाला समजलं. कापलेल्या जनावरांच्या पोटात ताजी मासळी होती. गरम पाण्यात हंपबॅक उपाशी असतो असं पुस्तकं सांगतात. इथले तर पोटभर जेवलेले होते. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. म्हणजे आपल्या ह्या मूठभर कुटुंबाला जाहीर अभय मिळालं ते त्या कत्तलीनंतर तेरा वर्षांनी.

तरी ते फिरतात मात्र. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या मसिरा आखाताजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणावणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे आपला लोबान. धुपाटण्यात घालतो तो. तिच्या शेपटीवर लोबानाच्या झाडासारखी खूण आहे म्हणून हे नाव पडलं. डिसेंबरात ही बाई निघाली ती तडक पूर्वेला. दीड हजार किलोमीटरहून जास्त पाणी कापून आपल्या गोव्यासमोर आली, इथून दक्षिणेला वळली, केरळ करून भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला. अरबस्तानातून घोडे आणि खजूर घेऊन गलबतं ज्या पाण्यातून गोव्याला यायची, त्याच पाण्यातून. त्या डिसेंबरात नाताळासाठी गोव्यात किती पर्यटक होते याचा आकडा तुमच्याकडे असेल. त्यातल्या एकालाही, आणि आम्हां गावकऱ्यांतल्याही कुणाला, समोरून कोण जातंय याचा पत्ता नव्हता.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांत हंपबॅकचं गाणं सापडलं होतं. गातो तो नर, आणि गातो बहुतेक विणीच्या हंगामात. म्हणजे कुणीतरी इथे, आपल्या दारात, शिगम्याच्या सुमाराला गात होता. वर ढोल-ताशे वाजत असतील, खाली त्याचं चाललं असेल.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की आपला देवमासा तिकिटावर येणारा नाही. दिवस ठरलेला नाही, वाट ठरलेली नाही, संख्या बोटांवर मोजण्यासारखी. शिवाय आपल्यासमोरचा दर्या लांबवर उथळ. तळ एकदम खोल उतरतो ती कडा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. श्रीलंकेत मिरिस्साला खोल पाणी जवळ आहे, म्हणून तिथे सकाळी बोट काढून निळा देवमासा दाखवता येतो. आणि तिथेही एका देवमाशाभोवती बोटींची झुंबड होते म्हणून अभ्यासक ओरडत आहेत. आपल्याकडे तर दाखवायला जवळपास कुणी नाहीच. मग बोटवाला काय करेल? तेल जाळून गेला, पैसे घेतले, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून बसलं आहे, अशात सहा महिन्यांतून एकदा कुठेतरी फवारा उठला, तर तो त्या जनावराला सोडेल का? आणि मोबाइलवरून बाकीच्या दहा जणांना बोलावल्याशिवाय राहील का?

मी हे कल्पनेने लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन डॉल्फिन बघायला गेलो होतो. कुठल्या धक्क्यावरून, कुणाच्या बोटीतून, ते जाऊ द्या. गाद्याची एक मादी आणि तिला चिकटून पिल्लू, असे दोघेच होते. आमची धरून नऊ बोटी गोळा झाल्या. ती खाली गेली की सगळे इंजिन मंद करून थांबायचे. वर आली की जिथे आली तिकडे सुसाट. पिल्लाला मोठ्यांइतका वेळ दम धरता येत नाही, ते आधी वर यायचं, आणि मग आईलाही यावं लागायचं. तिसरीतली एक मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, त्यांना श्वास घेऊ देत नाहीत." मी तिला गप्प केलं. पुढच्या वर्षी सहल बोंडल्याच्या अभयारण्यात नेली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. आणि त्या कायद्याने शिकार या शब्दात नुसतं मारणं धरलेलं नाही. हाकणंही धरलं आहे. नऊ बोटी मिळून एका मादीला खाडीच्या तोंडाकडे रेटतात त्याला दुसरं काय म्हणायचं, ते तुमच्या कायदे सल्लागाराला विचारा.

माझं मागणं साधं आहे. देवमासा बघण्याच्या बोटींना परवाना देऊ नका, आणि तशी जाहिरात करू देऊ नका. त्याऐवजी बघण्याची जागा जमिनीवर करा. देवाने आपल्याला त्यासाठीच सडे दिलेत.

गोव्याचा किनारा म्हणजे नुसती वाळू अशी तुमच्या पोस्टरांमुळे समजूत झाली आहे. खरं तर दर दोन पुळणींच्या मध्ये एक जांभ्याचा सडा थेट दर्यात घुसलेला आहे. तेरेखोल, आमचा केरी-हरमलचा डोंगर, चापोरा, आग्वाद, काबो, मुरगाव, बेतूल, खोलचा काब द राम. पोर्तुगीजांनी आणि त्यांच्या आधीच्या राजांनी यांतल्या बहुतेक ठिकाणी किल्ले बांधले ते हवा खायला नव्हे. उंचावरून लांबचं गलबत आधी दिसतं. वाळूत उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. पन्नास मीटर उंच कड्यावर बसलात की तेच पंचवीस किलोमीटरवर जातं. देवमाशाचा फवारा तेवढ्या लांबून दिसत नाही, पण शांत सकाळी सात-आठ किलोमीटरवरचा दुर्बिणीने कळतो. एवढी नजर कुठल्याच बोटीला नाही. बोटीतून तर समोरची लाटच दिसते.

आणि वेळ. तुमच्या खात्याने जिथे जिथे उंचावर कठडा बांधला तिथे 'सनसेट पॉइंट' अशी पाटी लावली. दर्या वाचायला सगळ्यांत वाईट वेळ ती. दुपारपासून समुद्रावरचा वारा सुटलेला असतो, पाण्यावर जागोजागी फेस फुटतो, प्रत्येक फेस देवमाशाच्या फवाऱ्यासारखा दिसतो, आणि सूर्य नेमका डोळ्यांत. पहाटे याच्या उलट. रात्रभर मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे गेलेला असतो, त्याने पाणी इस्त्री केल्यासारखं होतं. सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगराआडून वर येतो आणि समोरचं पाणी उजळवतो. डोळ्यांना त्रास नाही. साडेसहा ते साडेआठ. नऊनंतर मी घरी जाते, कारण मग मोपाची विमानं सुरू होतात आणि मला भात टाकायचा असतो. (विमानांचा देवमाशांशी काही संबंध नाही, माझ्या कानांशी आहे.)

चार हंगामांत मला देवमासा खात्रीने तीनदा दिसला. त्यातली एक सकाळ सांगते, म्हणजे आम्ही वर बसून काय बघतो ते तुम्हांला कळेल.

जानेवारीतला दिवस. आधी पक्षी दिसले. कुररांचा एक थवा एकाच जागी गोल गोल फिरत होता आणि मधूनमधून दगड टाकल्यासारखा एकेक पक्षी खाली पडत होता. खाली पाणी उकळत्या चहासारखं खदखदत होतं. तारल्या मासळीचा थवा वर आला होता. असं झालं की नजर तिथेच ठेवायची, हे मला आमच्या वाड्यावरच्या एका जुन्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याने, शिकवलं. दहा मिनिटं काही नाही. मग पक्ष्यांच्या डाव्या बाजूला पाण्यातून धूर निघाला. हो, धूरच. थंड देशात फवारा खांबासारखा उभा राहतो म्हणतात. आपल्या उबदार हवेत तो चुलीवरच्या वाफेसारखा येतो आणि 'बघा बघा' म्हणेपर्यंत विरतो. त्याच्यामागून काळीशार पाठ वर आली. आली ती येतच राहिली. गाद्याची पाठ वळते आणि संपते, ही संपेना. सगळ्यांत शेवटी, बरंच मागे, कोयत्याच्या टोकासारखा छोटा वाकडा पर दिसला आणि गेला. शेपटी वर आलीच नाही. बोटवाल्याच्या फळीवरची शेपटी या जातीचा देवमासा उचलतच नाही. तो ब्रायड्स व्हेल. बारा-चौदा मीटर लांब, गरम पाणी सोडून कधी न जाणारा, तारल्यांवर जगणारा. सिंधुदुर्गाच्या पाण्यातही अभ्यासकांनी तो नोंदवला आहे. चार वेळा श्वास घेऊन तो खाली गेला. मी घड्याळ लावून बसले. सात मिनिटांनी पुन्हा वर आला तेव्हा बराच उत्तरेला, तेरेखोलच्या किल्ल्याच्या रेषेत होता. मग दिसला नाही.

माझ्या बरोबर त्या दिवशी कुणी नव्हतं. खाली उतरले तेव्हा पुळणीवर जाळी सोडवत बसलेल्या बायकांनी विचारलं, "बाई, आज गावलो काय गो देवमासो?" रोज चिडवण्यासाठी विचारतात. मी म्हटलं, गावलो. सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि दर्याकडे बघायला लागल्या, जणू तो अजून तिथेच थांबला असेल. एकीने हात जोडले.

आपल्या माणसांना देवमासा भेटतो तो मेल्यावर, हे तुमच्या लक्षात आलंय का? २०१५ साली रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला तेव्हा अर्धा तालुका लोटला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एक पिल्लू लागलं. लोकांनी त्याच्या अंगावर ओली कापडं घातली, चाळीसेक तास खपून खोल पाण्यात सोडून आले, आणि ते पुन्हा किनाऱ्याला आलं ते मेलेलंच. माझ्या लहानपणी शेजारच्या अंगणात देवमाशाचा एक मणका होता. आज कायद्याने ठेवता यायचा नाही. पाटाएवढा रुंद, जाळीदार, उन्हाने पांढरा पडलेला. त्यावर बसून आजी नारळ सोलायची. मी तिला विचारलं होतं, हा जिवंत असताना केवढा असेल? ती म्हणाली, जिवंत कुणी बघितलाय? आणि हल्ली पेपरात देवमाशाचं नाव येतं ते त्याच्या उलटीसाठी. कोटींची उलटी पकडली, तिघांना अटक.

वर्गात एकदा सांगत होते, देवमासा हा मासा नव्हे, तो आपल्यासारखा श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "मासा नाही, तर मग देव आहे का बाई? नावातलं एक तरी खरं असायला पायजे." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तुमचं खातं म्हणेल, रिकामा दर्या बघायला कोण येणार? मोरजीला जा. एके काळी तिथल्या कासवांची अंडी बाजारात विकली जायची. आज तिथलीच पोरं वनखात्याच्या बरोबरीने रात्र रात्र वाळूत बसून घरटी राखतात. आगोंदला, गालजीबागला तेच. किती रात्री कासव येतच नाही, तरी बसतात. चोडणला सलीम अलींच्या नावाच्या अभयारण्यात माणसं पहाटेची फेरी पकडून चिखलात डोळे लावतात, तिथेही पक्षी ओळीत उभे राहून सलाम करत नाहीत. धीराने बघणारा पर्यटक आहे. तो दारू पिऊन बाटल्या फोडत नाही, गावात राहतो, सकाळी लवकर उठतो, गावातच उकड्या तांदळाची पेज जेवतो. आपण त्याला कधी बोलावलंच नाही.

बाक म्हणजे काय हवं तेही सांगते, नाहीतर कंत्राटदार येऊन सडा सिमेंटने मढवून जाईल. वर स्टीलचे कठडे नकोत, 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं नकोत, दिवे तर नकोतच. जांभ्याचे चिरे रचून केलेलं एक लांब बसणं, पश्चिमेला तोंड करून. पाठीमागे वाऱ्याला अडवणारी कमरेएवढी भिंत. एक फलक, मराठीत आणि कोकणीत आधी, इंग्रजीत नंतर. त्यावर आपल्या पाण्यात दिसणाऱ्या जनावरांच्या पाठी, पर आणि फवारे काढलेले असावेत. आख्खे देवमासे काढू नका, आख्खा कुणालाच दिसत नाही. आणि एका पेटीत नोंदवही.

नोंदवहीचं महत्त्व पटवणं सगळ्यांत कठीण आहे. बोटवाला फक्त दिसलेला दिवस सांगतो. पेपरात फक्त दिसलेला दिवस येतो. पण कुणी किती सकाळी बसलं आणि त्यातल्या किती कोऱ्या गेल्या हे लिहून ठेवलं नाही, तर दिसलेल्या दिवसाला काही अर्थ उरत नाही. एका जागी तीन देवमासे दिसले, दुसऱ्या जागी एक, म्हणजे पहिल्या जागी जास्त आहेत का? की तिथे माणूस रोज बसायचा आणि दुसरीकडे रविवारीच? हजेरी घेणाऱ्याला हे चटकन कळतं. गैरहजर मुलाची फुली मारली नाही तर पट खोटा ठरतो. १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला, आपल्या दारातच आहे. तिथल्या माणसांना अशी वही दर महिन्याला नेऊन दिली तर ती ते नाकारतील असं मला वाटत नाही.

आणि वहीवर माणूस बसवा. पदवीधर नको. आमच्या किनाऱ्यावर साठी उलटलेले रापणकार आहेत, ज्यांचे खांदे दोर ओढून गेलेत पण डोळे शाबूत आहेत. मला कुररांकडे बघायला शिकवणारा त्यांतलाच. तो पाण्याचा रंग बघून बांगडा आहे की पेडवा ते सांगतो. चष्मा न लावता. रोजची दोन तासांची मजुरी, एक दुर्बीण आणि डोक्यावर टोपी एवढाच खर्च. हर्मानसला शिंगवाला आहे, आपल्याकडे शंख आहे. माझा विद्यार्थीही येईल. पर्यटकाला सड्यावर चढवणं, चहा-पोळी देणं, दुर्बीण भाड्याने देणं यात बोटीपेक्षा कमी मिळेल हे मान्य. पण तेल लागत नाही, आणि दर्या खवळला म्हणून धंदा बुडत नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, पयलां सरकाराक सांगा." म्हणून सांगते आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसात सड्यावर उभंही राहवत नाही, तेव्हा घाई नाही. पण ऑक्टोबरात पाणी निवळतं. त्याआधी एखाद्या अधिकाऱ्याला पाठवलंत तर मी जागा दाखवीन. सायेब येणार असतील तर बूट नकोत, चपला चालतील. शेवटचा चढ निसरडा आहे. साडेसहाला वर पोचायचं. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघू.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
केरी, पेडणे

ता. क. पत्र टपालात टाकायच्या दिवशीची नोंद उतरवते, म्हणजे वही कशी असते ते कळेल. वेळ ६.२५ ते ८.४०. वारा मतलई, नंतर पडला. ट्रॉलर दोन, होड्या सात. कुरर विखुरलेले. गादे पाच, त्यांत पिल्लू एक, दक्षिणेकडे. बोट एकही मागे नाही. देवमासा नाही.